पाच एचपीची पाटी: ओपनवेल पंपाच्या प्रकल्प नोंदी, उद्यमबाग, बेळगाव

१८ ऑगस्ट २०२५

नव्या पंपाचं काम आजपासून सुरू. पाच एचपी, थ्री फेज, आडवा ओपनवेल सबमर्सिबल, म्हणजे उघड्या विहिरीत पाण्यात बुडून चालणारा. गिऱ्हाईक बेळगाव तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यातलं आणि हद्दीपलीकडच्या चंदगडमधलं. दोन्हीकडे जांभ्याची जमीन, उघड्या विहिरी, रताळी, बटाटा, भात, भाजीपाला आणि दरवर्षी थोडा थोडा वाढणारा ऊस. माणसंही तीच, सोयरिकी इकडच्या तिकडे. वीज मात्र इकडे हेस्कॉमची आणि तिकडे महावितरणची. कॉलेजात शिकलो ते असं की पाणी किती आणि उंची किती हे ठरलं की इंपेलर, म्हणजे पाणी फेकणारं पंपातलं पात्यांचं चाक, ठरतो. इथं त्याच्या आधी बऱ्याच गोष्टी ठरून बसलेल्या असतात, आणि त्या बंगळूर, मुंबई नाहीतर दिल्लीत ठरतात. त्या कुठल्या आणि ड्रॉइंगवर कुठं उमटतात, हे याच वहीत टिपत जाणार आहे.

२२ ऑगस्ट

विहिरींचे आकडे जमवले. कडोली, उचगाव, बेळगुंदी भागातल्या विहिरी आत्ता तुडुंब आहेत, पंप बंद आहेत. त्यामुळे व्होल्टेजसाठी गेल्या उन्हाळ्यात घेतलेली मोजमापं वापरतोय. पावसाळ्यात पाणी जमिनीपासून दोनेक मीटरवर, एप्रिलमध्ये दहा-बारा मीटरवर. वर शेताचा चढ आणि पाइपातलं घर्षण. म्हणजे एकाच विहिरीवर एकाच पंपाला वर्षात कधी १६ मीटर, कधी २८ मीटर, आणि ठिबक जोडलं तर ३५ च्या पुढं उचलावं लागतं. उन्हाळ्यात संध्याकाळी लाइनच्या शेवटच्या खांबावर ४१५ ऐवजी ३३० व्होल्ट मिळाले होते. मोटरचा टॉर्क व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात पडतो, तेव्हा ३३० ला तो ६३ टक्केच उरतो. भारतीय मानकात शेतीपंपाच्या मोटरसाठी व्होल्टेजची मुभा अधिक ६, उणे १५ टक्के, म्हणजे खाली ३५३ पर्यंत. शेवटच्या खांबावरचा शेतकरी मानकाच्या बाहेर राहतो.

२६ ऑगस्ट

उद्यापासून गणपती, कारखाना बंद. त्याआधी आकार किती हा प्रश्न मिटवायचा होता.

कर्नाटकात १० एचपीपर्यंतच्या शेतीपंपाला वीज फुकट. महाराष्ट्रात मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजनेत ७.५ एचपीपर्यंत, एप्रिल २०२४ ते मार्च २०२९. त्यामुळे चंदगडच्या दुकानात साडेसाताच्या वरचा पंप विचारतच कोणी नाही आणि इकडे दहाचाही खपतो. विहीर तीच, झरे तेच. आकाराची रेघ पाण्यानं ओढलेली नाही.

हे फक्त आमच्याच धंद्यात घडतं असं नाही. जानेवारी २०२३ पासून ५० एचपीवरच्या ट्रॅक्टरना धुराचे नवे, महागडे नियम लागू झाले. आता बाजारात ४९ एचपीचे ट्रॅक्टर बघा. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरच्या आतल्या छोट्या मोटारींचं उत्पादन शुल्क २४ वरून १६ टक्क्यांवर आणलं आणि पुढं गाड्यांच्या डिक्क्या आखूड झाल्या. तिथल्या इंजिनिअरांनाही ड्रॉइंगबोर्डावर बसण्याआधी राजपत्र वाचावं लागलं असणार.

आमचा निर्णय: ५ एचपी, ३.७ किलोवॅट. दोन्ही राज्यांच्या मर्यादेच्या बराच आत. मुख्य म्हणजे या विहिरींना तेवढं पुरतं.

८ सप्टेंबर

विसर्जन आटोपलं, मिस्त्री परत आले.

दुकानदारांशी बोलणं झालं. सगळ्यांचं एकच: पाणी दांडगं पडायला पाहिजे. गिऱ्हाईक कार्यक्षमतेचा तक्ता बघत नाही, पाइपाच्या तोंडाला धार किती जाड पडते ते बघतं. यात शेतकऱ्याचं काही चुकत नाही. युनिट फुकट असेल तर वाचवलेल्या युनिटचे त्याला काय मिळणार? त्याला कमी पडतात ते तास. इकडे थ्री फेज सात तास, तिकडे पाळीनं दिवसा आठ किंवा रात्री दहा. त्या तासांत जास्तीत जास्त पाणी शेतात गेलं पाहिजे, त्याचा हिशेब सरळ आहे.

त्यात ऊस. या २०२५-२६ हंगामाची एफआरपी, म्हणजे केंद्रानं बांधून दिलेला उसाचा किमान भाव, १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागं ३५५ रुपये. बटाट्याला असा भाव बांधून देणारं कोणी नाही, म्हणून पाण्याची सोय झाली की माणूस उसाकडं वळतो, आणि पाटपाण्याचा ऊस म्हणजे कमी उंचीला भरपूर पाणी. उलट ठिबकला कर्नाटकात ९० टक्क्यांपर्यंत अनुदान, आणि ठिबकला हवं थोडं पाणी, पण दाबानं. एक धोरण पंपाचा कर्व्ह, म्हणजे कुठल्या उंचीला किती पाणी पडतं ती रेषा, आडवा ओढतं, दुसरं उभा.

नेमकी मोटर जळते ती इथं. ठिबकसाठी म्हणून जास्त हेडचा, म्हणजे जास्त उंची गाठणारा पंप घेतला आणि पावसाळ्यानंतर भरलेल्या विहिरीवर पाटाला सोडला, की तो ठरलेल्यापेक्षा जास्त पाणी ओढतो, लोड वाढतो, अँपिअर चढतात. म्हणून इंपेलर असा हवा की १६ मीटरलाही मोटर ३.७ किलोवॅटच्या वर जाणार नाही. पात्यांचा बाहेरचा कोन कमी ठेवतोय, पाती लांब. सर्वोत्तम बिंदूवर एक-दोन टक्के कार्यक्षमता जाईल, ती जाऊ दे. ड्यूटी पॉइंट, म्हणजे पंप ज्या कामासाठी आखला तो बिंदू, २८ मीटरला सेकंदाला ८ लिटर.

११ सप्टेंबर

आजची नोंद लांबणार आहे.

एका विक्रेत्याची मागणी आली: "आत साडेसहाची मोटर घाला, वर पाचची पाटी मारा. सगळेच मारतात." हा प्रकार जुना आहे. मीटर नसलेल्या जोडणीला दर एचपीवर असायचा, त्यामुळे पाटीवरचा आकडा हेच बिल होतं. पाटी लहान आणि मोटर मोठी, यात शेतकऱ्याचाही फायदा आणि विकणाऱ्याचाही. आता वीज फुकट झाली तरी मंजूर भार, अनामत, मर्यादा हे सगळं पाटीवरच चालतं. सवय गेलेली नाही.

मी रात्री बसून डीपीचा, म्हणजे शेतातल्या ट्रान्सफॉर्मरचा हिशेब मांडला. ६३ केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर, त्यावर पाच एचपीचे दहा पंप. खरे पाचचे असतील तर एकेक पंप ३.७ भागिले ०.८, म्हणजे ४.६ किलोवॅट घेतो. पॉवर फॅक्टर ०.८ धरला तर ५.८ केव्हीए. दहांचे ५८. बसतं. आता आत साडेसहाच्या मोटरी आहेत असं धरा: एकेक ७.६ केव्हीए, दहांचे ७६. डीपी तापते, व्होल्टेज खाली येतं. व्होल्टेज आलं खाली की मोटरी जास्त अँपिअर ओढतात, ऑइल आणखी तापतं, एक दिवस डीपी जाते. बदलून येईपर्यंत दहाही शेतकऱ्यांचं पीक वाळतं, त्यात खरी पाटी लावणाराही असतो. आणि कमी व्होल्टेजला पाणी चढत नाही म्हणून प्रत्येक जण पुढच्या वेळी आणखी मोठी मोटर मागतो.

कागदावर कोणाचंच नुकसान दिसत नाही. वीज कंपनीचा अभियंता पाट्यांची बेरीज करून डीपी बसवतो, ती बेरीज बरोबर येते. खोटा असतो तो फक्त पाटीवरचा आकडा, आणि तो आमच्यासारख्यांच्या पंचमशीनवर उमटतो. पुरवठ्याचं गणित या एका आकड्यावर उभं आहे, म्हणून हा आकडा माझ्या लेखी इंपेलरच्या व्यासाइतकाच डिझाइनचा भाग आहे. मागणी नाकारली. त्या विक्रेत्याच्या ऑर्डरी जातील, हे भागीदारांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. दोघांपैकी एकाचं मत अजून वेगळं आहे.

१६ सप्टेंबर

रिवाइंडिंगवाल्या काकांकडं दुपारभर बसलो. त्यांच्या बाकावर उघडून ठेवलेल्या स्टेटरमध्ये एका फेजची कॉइल काळीकुट्ट, बाकीच्या दोन जवळपास कोऱ्या. "ही एक फेज गेलेली न्हवं, कपॅसिटर लावून दोन फेजवर चालवलेली हाय," काका म्हणाले. "मोटर चालत्या, खरं किती दिवस चालंल?" थ्री फेजचे तास संपले की असा जुगाड करून पंप चालवणारे दोन्ही राज्यांत आहेत.

काकांनी पॉली वायरचं भेंडोळं हातात दिलं आणि सांगितलं की खाचेत जागा जरा सैल ठेवा. कंपनीत यंत्रानं घट्ट बसवलेली कॉइल जळल्यावर हातानं पुन्हा भरताना वायरीची साल निघते, आणि मग ती मोटर वर्षभरही टिकत नाही. या मोटरीला आयुष्यात दोन-तीनदा तरी रिवाइंडिंग होणार, ते इथल्याच कुणीतरी हातानं करणार. म्हणून स्टॅम्पिंगची, म्हणजे कॉइल बसते त्या लोखंडी पत्र्यांची खाच थोडी मोठी निवडली. तांबं थोडं जास्त लागेल.

वाइंडिंग ३६० व्होल्टच्या हिशेबानं: वेढे कमी, तार जाड. पूर्ण ४१५ मिळाले तर लोखंड जरा जास्त भरतं आणि रिकाम्या मोटरचा करंट वाढतो, कार्यक्षमता दीडेक टक्का जाते. बीईई या केंद्राच्या ऊर्जाबचत संस्थेच्या स्टार लेबलसाठी तो दीड टक्का महाग आहे. पण लेबलची चाचणी नीट व्होल्टेजवर होते, आणि पंप शेवटच्या खांबावर चालतो. निपाणी भागात हेस्कॉम आणि ईईएसएल या केंद्राच्या ऊर्जाबचत कंपनीनं जुने पंप काढून कार्यक्षम पंप बसवले होते. तिथं खर्च सरकारी योजनेनं उचलला, म्हणून तिथं कार्यक्षमतेला गिऱ्हाईक होतं. दुकानातून विकत घेणाऱ्याला मोटर जळू नये एवढंच हवं असतं, आणि त्यासाठी तो पैसे मोजायला तयार असतो.

२३ सप्टेंबर

कालपासून जीएसटीचे नवे दर. सौर उपकरणं १२ वरून ५ टक्क्यांवर. सुटा पाण्याचा पंप जुलै २०२२ मध्ये १२ वरून १८ वर गेला होता. आज सकाळपासून सौरवाल्यांचे फोन. सौर आवृत्ती पुढच्या वर्षावर ढकलली होती, ती अलीकडं आणावी लागणार.

६ ऑक्टोबर

सौर आवृत्तीचा हिशेब. ग्रिडच्या, म्हणजे वीज कंपनीच्या लाइनवरच्या पंपापेक्षा इथलं जग अगदी उलटं आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

पीएम-कुसुम या केंद्राच्या सौरपंप योजनेच्या ब घटकात ७.५ एचपीपर्यंतच्या स्वतंत्र सौरपंपाला अनुदान. केंद्राचा वाटा ३० टक्के. कर्नाटक ५० घालतं, शेतकऱ्याकडं २० उरतात. महाराष्ट्रात 'मागेल त्याला सौर कृषी पंप' मध्ये शेतकऱ्यानं १० टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातींनी ५. पाच एचपीला ४८०० वॅटचं पॅनेल ठरलेलं. केंद्रीय मंत्रालयाच्या तपशीलपत्रात पाण्याचीही अट आहे: एसी पंपानं ३० मीटरला दर वॅटमागं दिवसाला ३५ लिटर दिले पाहिजेत, म्हणजे १,६८,००० लिटर. दिवसाचं ऊन धरलंय चौरस मीटरला ७.१५ युनिट.

हे पाणी ३० मीटर उचलायला लागते पावणेचौदा युनिट ऊर्जा. पॅनेलवर कागदी हिशेबानं ३४ युनिट पडतात. म्हणजे तापलेलं पॅनेल, कंट्रोलर, मोटर, पंप या सगळ्यांतून मिळून ४० टक्के शिल्लक राहिले पाहिजेत. पॅनेल उन्हात तापून दहा-पंधरा टक्के कमी देतं हे धरलं, की मोटर आणि पंपाला मिळून पन्नाशीच्या आत राहून चालत नाही.

ग्रिडवर ज्या दोन टक्क्यांना कोणी विचारत नव्हतं, तेच दोन टक्के इथं नापास की पास ठरवतात. धातू तोच, पाणी तेच. फरक एवढाच की इथं पॅनेलचे वॅट मोजून मिळतात.

दुसरी गोष्ट सकाळची. ऊन कमी असताना कंट्रोलर मोटरला ३५ हर्ट्झवर फिरवतो. वेग ०.७ झाला की हेड त्याच्या वर्गात पडतं, ४५ मीटरचं शटऑफ, म्हणजे ज्या उंचीला पाणी चढायचं थांबतं ती, २२ वर येतं. विहिरीत पाणी १२ मीटर खाली आणि शेत वर सहा मीटर असेल तर पंप जेमतेम उचलायला लागतो. कर्व्ह आडवा असेल तर नऊ वाजेपर्यंत नुसता घुसळत बसेल. म्हणून सौरसाठी कर्व्ह उभा हवा. ठिबकसाठी काढलेला इंपेलर इथं बरोबर बसतोय, ही या महिन्यातली सगळ्यात चांगली बातमी.

तिसरी गोष्ट खटकते. महाराष्ट्रात पंपाचा आकार जमिनीवर ठरतो: अडीच एकरांपर्यंत ३ एचपी, पाचपर्यंत ५, त्यावर ७.५. चंदगडच्या डोंगरात माणसाकडं दोन एकर असतात, विहीर खाली ओहोळाकाठी आणि शेत वर पंचवीस मीटरवर. सपाटीवरच्या दोन एकरांना ३ एचपी भरपूर होतं, याला ते पुरत नाही. जमीन सातबाऱ्यावर दिसते, चढ दिसत नाही, म्हणून नियमात जमीन आली. आमच्या हातात एवढंच की ३ एचपीची जादा टप्प्याची, कमी पाण्याची आणि जास्त उंचीची आवृत्ती काढायची. तीही यादीत घातली.

१४ ऑक्टोबर

मोटर कुठली? चुंबकाची, डीसीवरची बीएलडीसी की साधी, बिनचुंबकाची इंडक्शन? बीएलडीसीची कार्यक्षमता चांगली, पण तपशीलपत्रात डीसी पंपाला ३० मीटरला ३५ ऐवजी ३८ लिटर द्यावे लागतात, म्हणजे मिळालेला फायदा अटीतच बराचसा जातो. शिवाय चीननं एप्रिलमध्ये दुर्मीळ मृदा धातू आणि त्यांच्या चुंबकांच्या निर्यातीवर परवाना लावला. त्यानंतर चुंबकवाल्यानं आम्हाला भाव द्यायचाच सोडून दिला, तारखेचं नावच नाही.

आणि जळाल्यावर दुरुस्त करणार कोण? पाच वर्षं वॉरंटी आहे, पण पंप त्याहून जास्त वर्षं विहिरीत राहणार. इंडक्शन ठेवली. काकांच्या बाकावर दुरुस्त होईल अशी.

२९ ऑक्टोबर

दिवाळीनंतर फाउंड्रीत पॅटर्नची, म्हणजे वाळूचा साचा ज्यावरून घेतात त्या नमुन्याची बोलणी. केसिंगचा, म्हणजे पंपाच्या बाहेरच्या कवचाचा पॅटर्न ॲल्युमिनियमचा करायचा की लाकडी? ॲल्युमिनियमचा हजारो नगांना पुरतो, लाकडी काही शेकड्यांत झिजतो. कुसुमची मुदत आत्ता मार्च २०२६ पर्यंतच. पुढं काय हे कळेपर्यंत सौरच्या भरवशावर महागडा पॅटर्न करणं धाडसाचं. फाउंड्रीचे मालक म्हणाले, "योजना असतीया तवा एका महिन्यात वर्षाची ऑर्डर, नसतीया तवा साचा धूळ खातोय."

तोडगा: केसिंग दोन्ही आवृत्त्यांना एकच, ॲल्युमिनियम पॅटर्न. ग्रिडची विक्री त्याचे पैसे फेडेल. बदल फक्त इंपेलर आणि वाइंडिंगमध्ये. एफजी २०० ओतीव लोखंड. उद्यमबागेत ते हवं तेव्हा मिळतं, राजकोट आणि कोइमतूरच्या भावाशी टक्कर द्यायला आमच्याकडं असलेला हा एकच खरा आधार.

अडचण एक उरली. सौरसाठी अख्ख्या संचाचं प्रमाणपत्र लागतं, पॅनेलपासून पंपापर्यंत. एकदा ते मिळालं की इंपेलरचा कोन अर्धा अंश बदलायचा तरी पुन्हा चाचणी, पुन्हा फी. म्हणून सुधारणा जी करायची ती आताच. आम्ही निविदेत थेट उतरू शकत नाही, यादीतल्या पुरवठादाराला पंप देणार. शेतकऱ्याची तक्रार त्या पुरवठादारामार्फत आमच्यापर्यंत पोचेल का, याची काळजी वाटते. ग्रिडचा पंप बिघडला की माणूस सरळ दुकानात येऊन उभा राहतो.

१९ नोव्हेंबर

पहिले ओतकाम. पहिल्या केसिंगमध्ये कोअर, म्हणजे आतली पोकळी राखणारा वाळूचा गाभा, दोन मिलिमीटर सरकलेला, घशापाशी पाण्याची वाट अरुंद. मोल्डरनं कोअरप्रिंट, म्हणजे गाभा जिथं टेकतो ती जागा, लांबवून दिला, पुढचे नीट आले. इंपेलरच्या आतली वाळू हातानं घासून काढली.

टेस्ट बेंच: २८ मीटरला ८.१ लिटर, इनपुट ४.४५ किलोवॅट, एकूण कार्यक्षमता ५० टक्के. व्हॉल्व्ह उघडून १६ मीटरवर आणला, इनपुट ४.६. म्हणजे मोटरवर ३.७ च्या आतच. व्होल्टेज ३३० वर आणून अर्धा तास चालवला. सुरू झाला, पाणी दिलं, तापमान मर्यादेत. पाच लिहिलंय तर पाचच आहे.

३ डिसेंबर

पॅनेलबोर्ड. दोन गोष्टी आमच्याकडून, गिऱ्हाइकानं न मागता.

एक, २ केव्हीएआरचा कपॅसिटर आतच जोडलेला. सुटा दिला तर कोणी लावत नाही, कारण ज्याच्या पंपाला लावायचा त्याला त्यातून काही मिळत नाही, फायदा डीपीला होतो. दहा पंपांवर असला तर ११ सप्टेंबरच्या हिशेबातले ५८ केव्हीए ४९ वर येतात.

दोन, ऑटोस्विचला उशीर. लाइट आली की सगळे ऑटो एकाच क्षणी मोटर टाकतात, प्रत्येकीचा सुरुवातीचा करंट सहापट. आमच्या पॅनेलमध्ये प्रत्येक नगाचा उशीर वेगळा, शून्य ते पाच मिनिटं. यावर कडोलीतल्या एका शेतकऱ्यानं लगेच विचारलं, "शेजाऱ्याचा आदी सुरू झाला आन् झरा त्यानं ओढला तर?" शेजारशेजारच्या विहिरींवर ही भीती खरी आहे. म्हणून उशीर दर दिवशी आपोआप बदलणारा केला, आज याचा आधी तर उद्या त्याचा. त्याला पटलं. किंमत वाढली ती अडीचशे रुपयांच्या आसपास. वीज कंपन्यांनी हे सक्तीचं केलं तर सगळ्यांचीच सारखी वाढेल आणि जो करतो तोच महाग ठरणार नाही. तसं निवेदन दोन्हीकडच्या कार्यालयांना लिहितोय.

१२ डिसेंबर

चाचणीचे पंप विहिरींत उतरले: एक कडोलीकडं, एक शिनोळीच्या पुढं महाराष्ट्र हद्दीत. एकाच दिवशी ओतलेले, एकाच वायरीनं भरलेले. शिनोळीकडचा संध्याकाळी ३४५ व्होल्टला सुरू झाला. कडोलीच्या मालकानं धार बघून विचारलं, "साडेसाताचा हाय काय ओ?"

पाटीचा मजकूर ठरला: ३.७ किलोवॅट, ५ एचपी, आणि त्याखाली १६ मीटरवरचं जास्तीत जास्त इनपुट ४.६ किलोवॅट. दुसरी ओळ कायद्यानं लागत नाही. ती असली की लाइनमन क्लॅम्प मीटर लावून दोन मिनिटांत पडताळून बघू शकतो. दुसरे भागीदारही आज हो म्हणाले.

पुढची कामं: ३ एचपी जादा उंचीच्या आवृत्तीचं इंपेलर ड्रॉइंग, एप्रिलमध्ये विहिरी खाली गेल्यावर दोन्ही ठिकाणी पुन्हा मोजमाप, मार्चमध्ये कुसुमची मुदत वाढते का ते बघून सौरच्या प्रमाणपत्राचा अर्ज.